टूलरूममधल्या माणसाला पाने विकून ६२,३०० रुपयांना फसवले

रक्कम आधीच सांगून टाकतो, म्हणजे लाज एकदाची बाहेर पडेल. माझी ६२,३०० रुपयांची फसवणूक झाली आणि ती एका जुन्या स्पोर्ट्स गाडीत आणीबाणीसाठी ठेवायच्या पाने (स्पॅनर) व सुट्या भागांच्या संचावरून झाली. पिंपरीतल्या एका कारखान्याच्या टूलरूममध्ये चौतीस वर्षे मायक्रोमीटर आणि व्हर्निअर ही अचूक मोजमापाची साधने हाताळून निवृत्त झालेल्या माणसाला कोणी पाने विकून गंडवावे, याहून मोठी नामुष्की माझ्या ओळखीच्या जगात नाही.

गाडी १९५२ची एमजी टीडी ही ब्रिटिश बनावटीची आहे. माझ्या मामांनी ती १९६४ मध्ये मुंबईत घेतली आणि त्यांच्या पश्चात ती माझ्याकडे आली. ॲबिंग्डनच्या कारखान्यातून १९४९ ते १९५३ या काळात अशा २९,६६४ गाड्या बाहेर पडल्या, त्यामुळे इंग्लंड-अमेरिकेत तिचे सुटे भाग आजही मिळतात. पुण्यात मात्र डिस्ट्रिब्यूटरचा (स्पार्कप्लगना वीज वाटणाऱ्या भागाचा) ब्रश किंवा रोटर हवा असला, तर कोणाच्या तरी विमानातून येणाऱ्या भाच्याची वाट पाहावी लागते. म्हणून ‘टीडीसाठी घाटात नेण्याचा संपूर्ण संच, मुंबईतील बंद होणाऱ्या गॅरेजचा माल’ अशी जाहिरात मोबाइलवर दिसली, तेव्हा मी हुरळलो. हुरळणे हा गुन्हा नाही, हे मला अजूनही वाटते. जिच्याकरिता साधा कंडेन्सर (इग्निशनमधला छोटा भाग) मिळवायला महिने जातात, अशी गाडी ज्यांनी सांभाळलेली नाही, त्यांनी मला शहाणपण शिकवू नये.

संचाची किंमत २४,५०० रुपये होती: नऊ व्हिटवर्थ (जुन्या ब्रिटिश मापाच्या) पान्यांचे ११,०००, रोटर, पॉइंट (इग्निशनचा प्रवाह तोडणारे संपर्क), डिस्ट्रिब्यूटरची टोपी आणि दोन कंडेन्सर यांचे ८,५००, आणि फॅनबेल्ट, बल्ब, फ्यूज व लाकडी पेटीचे ५,०००. छायाचित्रांत प्रत्येक वस्तू तेलकट कागदात गुंडाळलेली होती. आता कळते की तेलकट कागद हाच त्या पेटीतला सर्वांत अस्सल माल होता.

ज्या क्षणी मी थांबायला हवे होते, तो क्षण मला वार आणि वेळेसह आठवतो, कारण त्यानंतरच्या कित्येक रात्री मी तोच संवाद पुन्हा वाचला आहे. मी विक्रेत्याला सहज विचारले होते की सोबत इंजिनाचे काही बोल्ट देणार का. त्याने लिहिले, “देतो सर, पूर्ण गाडी बीएसएफ आहे, वीस वर्षं टीडीचंच काम केलंय.” ज्याने या इंजिनाला एकदा जरी हात लावला आहे, त्याला ठाऊक असते की चेसिसचे बोल्ट बीएसएफ, म्हणजे बारीक ब्रिटिश आट्यांचे, असले तरी इंजिनाचे आटे मेट्रिक आहेत आणि बोल्टांची डोकी तेवढी व्हिटवर्थच्या मापाची आहेत. त्या इंजिनाचे कूळ कोव्हेंट्रीतल्या हॉचकिस या फ्रेंच कंपनीच्या कारखान्याकडे जाते; तो कारखाना इंग्लंडमधल्या मोटारी बनवणाऱ्या मॉरिसने १९२३ मध्ये विकत घेतला, पण फ्रेंच आटे तसेच राहिले. वीस वर्षे टीडी उघडणाऱ्या माणसाला हे माहीत नसणे म्हणजे वीस वर्षे पोळ्या करणाऱ्याला कणीक आणि मैदा वेगळे असतात हे माहीत नसण्यासारखे आहे. आणि मी काय केले? मी त्याची चूक दुरुस्त केली! हॉचकिसची सगळी कथा त्याला दोन परिच्छेदांत लिहून पाठवली. त्याने उत्तर दिले, “बरोबर सर, तेच म्हणायचं होतं. तुमच्यासारखी जाणकार माणसं आता राहिली नाहीत.” मी त्या वाक्यावर खूश झालो आणि पंधरा मिनिटांत पैसे पाठवले. पैसे पाठवताना पडद्यावर खातेदार म्हणून गॅरेजचे नाव येण्याऐवजी कुठल्याशा मोबाइल रिचार्जच्या दुकानाचे नाव आले, तेही मी वाचले, आणि ‘भावाचे खाते असेल’ असे स्वतःच स्वतःला समजावले. विक्रेत्याला आपण माहिती पुरवतो आहोत असे ध्यानात आले, की फोन खाली ठेवा. तिथे विक्रेता तो नसतो, विकले जात असतो आपण.

पेटी अकराव्या दिवशी आली आणि सुंदर दिसत होती. व्हर्निअर माझ्या टेबलाच्या खणात, पेटीपासून चार फुटांवर होते. मी ते काढले नाही. पेटी खरोखरच आली, म्हणून माणूस खरा ठरला, आणि त्याच भरवशावर मी पुढच्या आठवड्यात इंजिनाला पेट्रोल पोचवणाऱ्या, दुरुस्त केलेल्या एसयू पंपासाठी १४,००० आणि जोडीच्या डिस्ट्रिब्यूटरसाठी १७,००० असे ३१,००० रुपये आगाऊ दिले. हा माल इंग्लंडहून येणार होता. मग तो कस्टम्समध्ये ‘अडकला’ आणि सोडवण्यासाठी आणखी ६,८०० रुपये लागले. पुढचे वाचकांना सांगायला नको.

फसवणूक उघडकीला आली ती पसरणी घाटात, डिसेंबरातल्या एका रविवारी. वाईहून निघून निम्मा घाट चढल्यावर गाडी ठसके देऊ लागली आणि तिसऱ्या वळणानंतर बंद पडली. पंपाची टिकटिक चालू होती, तरी पेट्रोल पोचते आहे याची खात्री करावी म्हणून मी कार्ब्युरेटरकडच्या जोडाला नवा, ‘१/४ डब्ल्यू’ असा ठसा असलेला पाना लावला. पाना घसरला, नटाचे कोपरे गोल झाले आणि माझ्या हाताची दोन बोटे सोलली. मग पॉइंटवर मोठी ठिणगी पडताना दिसली, म्हणजे कंडेन्सर गेला होता हे उघड होते. संचातला एक बसवला, काही नाही. दुसरा बसवला, तेही नाही. सौ. दगडावर बसून थर्मासमधला चहा पीत होत्या. त्यांनी एवढेच विचारले, “हे सगळं घरी एकदा लावून पाहिलं नव्हतं का?”

खरे म्हणजे माझा सगळा धडा त्या एका प्रश्नात आहे, आणि तो मी कारखान्यात नव्या पोरांना वर्षानुवर्षे शिकवत आलो होतो. कोराकरकरीत सुटा भाग डिकीत कधीही ठेवू नये. नवा भाग गाडीत बसवावा, त्यावर दोन-तीनशे किलोमीटर चालवावे, आणि गाडीतून निघालेला जुना, चालता भाग पेटीत ठेवावा. फॅनबेल्टही तसाच एकदा चढवून पाहावा. (माझ्या संचातला बेल्ट पुलीपर्यंत पोचतच नव्हता, हे घरी आल्यावर कळले.)

वाईहून एका मेकॅनिकला बोलावले. तरुण मुलगा होता, टीडी त्याने प्रथमच पाहिली असावी. त्याने अॅम्बॅसडरचा एक जुना कंडेन्सर डिस्ट्रिब्यूटरच्या बाहेर वायरने लटकवला, बॉडीला घट्ट आवळला आणि म्हणाला, “मारा काका सेल्फ.” गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली. त्याने १५० रुपये मागितले. मी ५०० दिले, आणि या सगळ्या प्रकरणात मी मनापासून दिलेले पैसे तेवढेच.

घरी येऊन मोजमापे घेतली. १/४ व्हिटवर्थच्या बोल्टाचे डोके सुमारे १३.३ मिलिमीटर असते. माझ्या पान्याचे तोंड बरोबर १४.० निघाले. दांड्यावर काचकागद फिरवला तेव्हा नव्या ठशाखाली घासून बुजवलेला ‘१४’ दिसू लागला. बाजारातले साधे मेट्रिक पाने, घासून, काळे करून, नवा ठसा मारून विकले होते. असे कंडेन्सर ०.२ मायक्रोफॅरडच्या आसपास मोजायला हवेत, एक ०.०२ होता आणि दुसऱ्याने मीटरचा काटाही हलवला नाही. फोन करावा तर क्रमांक बंद.

सायबर फसवणुकीच्या १९३० या मदत क्रमांकावर तक्रार नोंदवली आणि पोचक्रमांक मिळाला. पण शेवटची रक्कम दिल्याला तोवर एकोणीस दिवस झाले होते. ज्यांच्या बाबतीत असे काही घडेल त्यांनी पहिल्या तासातच हा क्रमांक फिरवावा, लाज नंतर वाटून घ्यावी. बँकेत गेलो तर तिथल्या अधिकाऱ्याने मान वर न करता सांगितले की पिन तुम्हीच टाकला आहे, त्यामुळे हा तुमचा व्यवहार झाला. पलीकडचे खाते कोणाचे, हे मात्र गोपनीयतेमुळे सांगता येत नाही! म्हणजे माझे पैसे ज्याने नेले त्याची गोपनीयता जपण्याइतके नियम आहेत, माझे पैसे जपण्याइतके नाहीत.

पोलीस ठाण्यात मी चार वेळा गेलो. पहिल्यांदा संबंधित अधिकारी बंदोबस्तावर होते. दुसऱ्यांदा मला विचारले गेले की कंडेन्सर म्हणजे एसीचा का. मी समजावून सांगितले, चित्र काढून दाखवले, त्यावर पुढचा प्रश्न आला की एवढी जुनी गाडी रस्त्यावर चालवता कशाला. तिसऱ्या वेळी सांगण्यात आले की वस्तू तर मिळाली आहे, तेव्हा ही फसवणूक नसून दिवाणी स्वरूपाचा वाद आहे. जो ३७,८०० रुपयांचा माल मुळी आलाच नाही, त्याचे काय, असे विचारल्यावर तो ऑनलाइन प्रकार असल्याने दुसऱ्या कक्षाकडे जाईल असे उत्तर मिळाले. त्या दुसऱ्या कक्षाने अर्ज पाहून तो पुन्हा पहिल्या ठाण्याकडेच पाठवला, कारण माल प्रत्यक्ष कुरिअरने आला होता. एकच फसवणूक अर्धी ऑनलाइन आणि अर्धी कुरिअरने झाली, तर ती कोणाच्याच हद्दीत घडलेली नसते, ही नवी माहिती मला या निमित्ताने मिळाली. पाने बनावट असल्याचा तज्ज्ञाचा दाखला आणा, अशीही सूचना झाली. मी म्हणालो की तो तज्ज्ञ मीच आहे. ते हसले, आणि खरे सांगायचे तर त्या हसण्याला माझ्याकडे उत्तर नव्हते.

ग्राहक आयोगाचा मार्गही पाहिला. २०१९च्या कायद्यामुळे आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या मालाला शुल्क पडत नाही, हे चांगलेच आहे. परंतु नोटीस पाठवायला समोरच्याचा पत्ता लागतो, आणि माझ्या पेटीवरचा पत्ता एका बंद गाळ्याचा निघाला. म्हणून आगाऊ रक्कम देण्यापूर्वी पक्के बिल आणि जीएसटी क्रमांक मागा. मिळाला, की तो सरकारी संकेतस्थळावर तपासा. आणि व्हिडिओ कॉलवर पान्याच्या तोंडात व्हर्निअर धरून दाखवायला सांगा. जो टाळाटाळ करील, त्याला हॉचकिसची कथा सांगत बसू नका.

सध्या माझ्या गाडीत मामांच्या वेळचे पाच पाने, चालून सिद्ध झालेला जुना रोटर आणि पॉइंट, फट मोजायचे पत्रे, क्लिपा लावलेली दोन मीटर वायर, टेस्ट लॅम्प, बाइंडिंगची तार, होजच्या क्लिपा, पाच लिटर पाणी आणि चाकाखाली लावायला लाकडाचा ठोकळा आहे. अॅम्बॅसडरचा कंडेन्सर अजून बाहेरच लटकतो आहे. तो काढायचा धीर होत नाही.

चौथ्या भेटीत पोलिसांनी गुन्हा नोंदवला नाही, पण पाने पुरावा म्हणून ठेवून घेतले आणि हाताने लिहिलेली पोच दिली. माझे ११,००० रुपये त्या पोचेवर असे उतरले आहेत: ‘जुने लोखंडी पाने, नग ९, अंदाजे किंमत रुपये २००.’