फ्रॉस्ट अँड फायर: आठ महिने आणि एक बेल्ट

टर्नटेबलचा, म्हणजे रेकॉर्ड फिरवणाऱ्या यंत्राचा, बेल्ट तुटला नसता तर हे लिहायला बसलोच नसतो.

वॉटरसन्स या इंग्लिश लोकगीतं गाणाऱ्या चौकडीची ‘फ्रॉस्ट अँड फायर’ ही रेकॉर्ड (टॉपिक कंपनी, १९६५) लीड्सच्या एका सेकंडहँड दुकानात १८ पौंडांना घेतली. हल शहरातली माइक, नॉर्मा, लॅल ही भावंडं आणि नात्यातला जॉन हॅरिसन. गळे चार, वाद्य एकही नाही. गाणी वर्षभराच्या सणावारांची: ईस्टरची, मे महिन्यातली, सुगीची, नाताळची. आजीच्या ओव्यांना निदान जात्याची घरघर तरी असायची, इथे तीही नाही. पहिल्या आठवड्यात वाटलं, पैसे पाण्यात गेले. त्यात खरखर! बँड असता तर ती खपून गेली असती. इथे एक ओळ संपून दुसरी उचलेपर्यंत जी शांतता असते, नेमकी तिथेच ती तडतडते.

पण सवय लागली. चौघं एका सुरात चालतात आणि मधेच एकजण वाट सोडतो, तिथे दर वेळी हातातलं काम थांबतं. विशेषतः नॉर्माचा भरदार, जड आवाज. मित्रांना सांगत सुटलो होतो, असा खर्ज ऐकलाच नाही.

मग बेल्ट तुटला. दुरुस्तीवाल्याने ४५ पौंड सांगितले. बेल्ट म्हणजे रबराचं कडं! ऑनलाइन सहा पौंडांत मागवला, स्वतः बसवला, सुई ठेवली आणि सगळे घाईत गायला लागले. फोनवरच्या तंबोऱ्याशी सूर जुळवून मी सोबत गुणगुणतो. तो अर्धा सूर चढवावा लागला. विक्रेत्याला तावातावाने मेल टाकली: चुकीचा बेल्ट, पैसे परत द्या.

त्याचं उत्तर एका ओळीचं: फेरे मोजून बघा. रेकॉर्डच्या कडेला कागदाचा कपटा चिकटवला, घड्याळ लावलं. अशा रेकॉर्डचा ठरलेला वेग मिनिटाला ३३⅓ फेरे, म्हणजे तीन मिनिटांत १००. भरले बरोबर १००. अर्धा सूर म्हणजे साधारण सहा टक्के, म्हणजे जुना ढिला बेल्ट १०० ऐवजी जेमतेम ९४ फेरे देत होता. सात महिने मी ज्या खर्जावर जीव टाकत होतो, त्यातला थोडा त्या रबराचा होता.

गिटार असती तर तारेच्या आवाजावरून शंका आली असती. नुसत्या गळ्यांचं तसं नाही. गाणारा वाटेल तो षड्ज धरतो, त्याला चूक कोण म्हणणार? दोष वाद्य नसण्याचा नाही, पण टर्नटेबल जुनं असेल तर आधी फेरे मोजा. मी विक्रेत्याची माफी मागितली, पोस्टाचा खर्च वाचला.

खऱ्या वेगात नॉर्मा जास्त तरुण वाटते, सुगीच्या गाण्यात पाय हलतो. पहिले चार दिवस मला ते अजिबात आवडलं नव्हतं. आता आवडतं. बायकोला मात्र जुनंच बरं वाटायचं. बेल्टला गाठ मारता येते का, असं तिने दोनदा विचारून झालंय.