नोंदणी विवाह की वैदिक?

दोघंही हिंदू आणि दोन्हीकडची मंडळी राजी, असं असेल तर मी छोटं वैदिक लग्नच सुचवेन. सकाळचा मुहूर्त, घरातली माणसं, मंगलाष्टका, दुपारी पंगत उठली की मोकळे. नोंदणी विवाह, म्हणजे १९५४च्या विशेष विवाह कायद्याने करायचं, तर आधी तयारी लागते: दोघांपैकी एक जण त्या जिल्ह्यात किमान ३० दिवस राहिलेला हवा, मग विवाह अधिकाऱ्याकडे नोटीस, मग हरकतींसाठी आणखी ३० दिवस. तीन महिन्यांत लग्न लागलं नाही तर नोटीस बाद.

धर्म वेगळे आणि कुणालाच धर्म बदलायचा नाही, तर मात्र बहुतेकदा हाच रस्ता. खरी धास्ती असते ती नोटिशीसोबत विवाह अधिकाऱ्याच्या बोर्डावर लागणाऱ्या नावांची. बातमी घरी पोचू शकते, हे खरंच. पण आईवडिलांची नाराजी ही कायद्याने हरकत ठरत नाही. वय, हयात जोडीदार, निषिद्ध नातं, मानसिक स्थिती एवढ्यावरच ती घेता येते. वारशाचं मात्र वकिलाला आधीच विचारा. दोघं हिंदू असतील तर १९७६च्या दुरुस्तीमुळे हिंदू वारसा कायदाच लागू राहतो. आंतरधर्मीय लग्नात हिंदू जोडीदार एकत्र कुटुंबातून विभक्त धरला जातो.

महिना थांबायचं नाही म्हणून पुष्कळ हिंदू जोडपी आळंदीच्या मंगल कार्यालयात झटपट वैदिक लग्न उरकतात. हरकत नाही, पण विधी खरोखर होऊ द्या. फोटोपुरते हार घालून कागद घेतलात तर पंचाईत: विधीच झाले नसतील तर नुसत्या प्रमाणपत्राने हिंदू विवाह होत नाही, असं सुप्रीम कोर्टाने २०२४ मध्ये सांगितलंय. शिवाय कार्यालयवाल्याचा कागद म्हणजे नोंदणी नव्हे. ती महापालिकेत किंवा ग्रामपंचायतीत, ९० दिवसांच्या आत. फॉर्मवर गुरुजींची सही त्याच दिवशी घ्या. नंतर त्यांना गाठणं म्हणजे हेलपाटे.

खर्चाचं म्हणाल तर नोंदणीची फी किरकोळ, पण नंतर आत्या-मावशांसाठी रिसेप्शन ठेवलंत की ताटांचा हिशोब आलाच. जादा फी भरून विवाह अधिकाऱ्याला जवळच्या हॉलवरही बोलावता येतं, आणि तीन साक्षीदारांसमोर घ्यायची शपथ मराठीत घेतली तरी चालते.