न्यू वेगास की फॉलआउट ४: आधी कोणता खेळावा?

२०२४ च्या एप्रिलमध्ये फॉलआउटच्या जगावरची वेब मालिका आली आणि तेव्हापासून एक प्रश्न सारखा कानावर येतो: मालिका आवडली, आता गेम कोणता खेळू? जुन्या खेळाडूंची उत्तरं बहुतेक दोन नावांपाशी येऊन थांबतात, २०१० चा ‘फॉलआउट: न्यू वेगास’ आणि २०१५ चा ‘फॉलआउट ४’. दोन्हींत अणुयुद्धाने बेचिराख झालेली अमेरिका आहे, मनगटावर पिप-बॉय नावाचा छोटा संगणक आहे, रेडिओवर जुनी गाणी आहेत आणि बाटलीची झाकणं हेच चलन आहे. तरीही दोन्हींचे चाहते बोलायला लागले की ते एकाच मालिकेतल्या गेम्सबद्दल बोलतायत यावर विश्वास बसत नाही.

माझं मत आधीच सांगून टाकतो. आधी न्यू वेगास, मग फॉलआउट ४. मला दोन्ही मनापासून आवडतात, पण वेगवेगळ्या कारणांसाठी, आणि ती कारणं कळली की आपला गेम कोणता हे ठरवायला फार वेळ लागत नाही.

फॉलआउट ४ बद्दलची मतं मोठी गमतीशीर आहेत, कारण त्याच्यावर सगळ्यात जास्त चिडलेले लोक अनेकदा तोच गेम महिनोन्‌महिने खेळत असतात. गेम म्हणून झकास, फॉलआउट म्हणून कमी पडतो, असा एकूण सूर. न्यू वेगासचं बरोबर उलटं: कथा आणि संवादांना सगळेच मानतात, पण पहिल्या दोन-तीन तासांत कंटाळून सोडून देणाऱ्यांची संख्याही कमी नाही. बंदूक हातात नीट बसत नाही, जोरात धावता येत नाही, वाळवंट ओसाड वाटतं. या सगळ्या तक्रारी खऱ्या आहेत.

थोडा इतिहास माहीत असलेला बरा. बेथेस्डा या कंपनीने २००८ मध्ये तिसरा भाग काढला. त्यानंतर न्यू वेगासचं काम ऑब्सिडियन या स्टुडिओकडे गेलं. तिथे नव्वदच्या दशकातल्या मूळ फॉलआउट गेम्सवर काम केलेली मंडळी होती. त्यांना हातात वेळ मिळाला साधारण दीड वर्षाचा, आणि इंजिन, म्हणजे गेमचा तांत्रिक सांगाडा, तिसऱ्या भागाचंच. म्हणून लिखाण पहिल्या दर्जाचं आणि तांत्रिक बाजू लंगडी, असा तो गेम बाहेर आला. फॉलआउट ४ बेथेस्डाने स्वतः, सुधारलेल्या इंजिनवर आणि बऱ्याच जास्त वेळात केला. पहिल्याच दिवशी त्याच्या १ कोटी २० लाख प्रती बाजारात गेल्या होत्या. इतक्या लोकांसाठी गेम बनवायचा म्हणजे काही कोपरे घासून गुळगुळीत करावे लागतात, आणि ते संवादांत जाणवतं.

शब्दांना किंमत कुठे आहे?

न्यू वेगासमध्ये तुम्ही कुरिअर असता. चौकड्यांचा सूट घातलेला एक माणूस तुमच्या डोक्यात गोळी घालून तुम्हाला पुरतो, तुम्ही कसेबसे वाचता आणि गुडस्प्रिंग्स नावाच्या खेड्यात डॉक्टर मिचेलच्या घरी डोळे उघडता. तुमचं वय काय, स्वभाव कसा, तुम्ही आधी काय होतात, हे गेम तुमच्यावर लादत नाही. फॉलआउट ४ सुरू होतो २३ ऑक्टोबर २०७७ ला, बॉम्ब पडतात त्या सकाळी. घर आहे, जोडीदार आहे, पाळण्यात बाळ आहे. मग व्हॉल्ट १११ या भूमिगत आसऱ्यात गोठून पडणं आणि दोनशे दहा वर्षांनी एकटं बाहेर येणं. सुरुवात म्हणून ही जास्त जोरदार आहे. अडचण पुढे येते. मूल पळवलं गेलंय, आणि तुम्ही शेजारच्या वस्तीत पलंग मांडताय, टोमॅटोसारखी दिसणारी फळं लावताय. कथेची घाई आणि खेळाची निवांत चाल यांचा मेळ बसत नाही, हे जवळजवळ प्रत्येक खेळाडूला खटकतं. न्यू वेगासमधला सूड तसा नसतो, तो थांबू शकतो.

गुडस्प्रिंग्सवर लवकरच एक गुंडांची टोळी चालून येते. गावकऱ्यांना लढायला तयार करायचं, टोळीला मिळायचं, की सरळ निघून जायचं, हे तुमच्यावर. गावात ईझी पीट नावाचा म्हातारा आहे, त्याच्याकडे पुरून ठेवलेलं डायनामाइट आहे. तुमचं स्फोटकांचं कौशल्य २५ असेल तर तो ते काढून देतो. नसेल तर तो पर्याय दिसतो, पण तुमच्या तोंडचं वाक्यच बदलतं, अडाण्यासारखं होतं, आणि ते ऐकून म्हातारा नकार देतो. किती कौशल्य हवं आणि तुमच्याकडे किती आहे, दोन्ही आकडे समोर लिहिलेले असतात. छोटीशी गोष्ट आहे, पण गेम सुरू करताना कौशल्यांच्या पानावर तुम्ही जे ठरवलं होतं त्याला इथे पहिल्यांदा अर्थ येतो.

त्याहून चांगलं उदाहरण नोव्हॅकचं. रस्त्याकडेचं एक मोटेल, बाहेर डायनासोरचा प्रचंड पुतळा, आणि पुतळ्याच्या तोंडात रात्रपाळीला बसलेला बून नावाचा नेमबाज. त्याच्या बायकोला गावातल्याच कोणीतरी गुलामांच्या व्यापाऱ्यांना विकलंय. तो तुम्हाला आपली लाल टोपी देतो: ज्याने हे केलं त्याला रात्री पुतळ्यासमोर आण, टोपी घाल, पुढचं मी बघतो. नकाशावर गुन्हेगाराचं नाव येत नाही. लोकांशी बोलून, कागदपत्रं शोधून तुम्हालाच माग काढावा लागतो. आणि तुम्ही निरपराध माणसाला घेऊन गेलात तरी बून गोळी झाडतो, कारण त्याने तुमच्यावर विश्वास टाकलेला असतो. गेम मध्ये पडून तुम्हाला सावरत नाही. अशी जबाबदारी अंगावर टाकणारे प्रसंग या गेममध्ये जागोजागी आहेत, आणि इतक्या वर्षांनीही लोक त्यावर तावातावाने बोलतात याचं कारण हेच.

गटांचंही तसंच. न्यू कॅलिफोर्निया रिपब्लिक, सीझरची लीजन, मिस्टर हाउस, किंवा सगळ्यांना बाजूला सारून तुमची स्वतःची वाट. प्रत्येक गटात तुमचं चांगलं नाव आणि वाईट नाव वेगवेगळं मोजलं जातं. आज केलेल्या मदतीने काल केलेला खून पुसला जात नाही. एखाद्या गटाचा गणवेश घालून फिरलात तर त्यांचे शत्रू तुम्हाला त्यांच्यातलाच समजून गोळ्या घालतात.

फॉलआउट ४ मध्ये हे सगळं चार बटणांवर येतं. होकार, नकार, प्रश्न आणि टोमणा. पडद्यावर एक-दोन शब्द दिसतात, तुमचं पात्र बोलतं मात्र वेगळंच काहीतरी. पात्राला आवाज दिल्यामुळे हे झालं, कारण प्रत्येक वाक्य स्त्री आणि पुरुष अशा दोन आवाजांत रेकॉर्ड करायचं म्हटलं की पर्याय आटणारच. नकार दिला तरी काम बहुतेक वेळा तुमच्या यादीत येऊन पडतंच. प्रेस्टन गार्वी नावाचं पात्र तर एका वस्तीचं काम संपवलं की दुसऱ्या वस्तीचं पुढे करतं, आणि हे कधीच संपत नाही. इथेही गट चार आहेत, पण चारपैकी तीन वाटा शेवटी जवळजवळ एकाच जागी नेऊन सोडतात. माझ्या मते ही या गेमची सगळ्यात मोठी उणीव, आणि ती पुढे दुसरं काही देऊन भरून निघत नाही.

हात आणि पाय

पण आता फॉलआउट ४ च्या बाजूने, आणि अगदी मनापासून. बंदूक चालवताना जे समाधान इथे मिळतं त्याच्या जवळपासही न्यू वेगास जात नाही. जुन्या गेममध्ये व्हॅट्स, म्हणजे नेम धरायची खास सोय, लावलं की सगळं थांबतं. इथे वेळ नुसती मंदावते, त्यामुळे निशाणा धरतानाही समोरचा अंगावर येत राहतो. पॉवर आर्मर हे यांत्रिक चिलखत आता नुसता कपडा राहिलेलं नाही. तुम्ही पाठीमागचं चाक फिरवता, सांगाडा उघडतो, तुम्ही आत शिरता, तो बंद होतो आणि समोरचा पडदाच बदलतो. पावलांचा आवाज जड होतो. फ्यूजन कोर, म्हणजे त्याची बॅटरी, संपत चालला की पोटात गोळा येतो. कॉन्कॉर्ड या गावात हे चिलखत फार लवकर हातात येतं, आणि पाठोपाठ डेथक्लॉ या भयानक राक्षसी प्राण्याशी गाठ. इतक्या लवकर हे द्यायला नको होतं असं बरेच जण म्हणतात, मलाही पटतं. पण तो प्रसंग विसरत नाही कोणी.

आणि भटकंती! बॉस्टनच्या पडक्या इमारतींमध्ये दर पन्नास पावलांवर काहीतरी आहे. एखाद्या खोलीत दोन सांगाडे आणि टेबलावरच्या वस्तू बघूनच तिथे शेवटी काय झालं ते कळतं. डायमंड सिटी उभी आहे ती फेनवे पार्क या बेसबॉलच्या मैदानात. भंगाराला अर्थ आलाय हे तर मला फारच आवडतं. टेबलफॅन दिसला की हात आपोआप जातो, कारण त्यात स्क्रू मिळतात आणि स्क्रूशिवाय बंदुकीला चांगले भाग बसवता येत नाहीत. डक्ट टेपमध्ये चिकटद्रव्य, तेही कायम कमी. मग वस्तीत मका, टॅटो आणि मटफ्रूट पिकवून शुद्ध पाण्याबरोबर स्टार्च शिजवायचा, की चिकटद्रव्याचा प्रश्न सुटला. वस्ती बांधण्यात ज्यांचा जीव रमतो त्यांना कथेची उणीव फारशी जाणवतही नाही. ज्यांचा रमत नाही त्यांना मात्र गेमचा मोठा भाग वायाच गेल्यासारखा वाटतो.

पात्र घडवण्यात न्यू वेगास कडक आहे. १३ कौशल्यं, विस्तार (गेमला नंतर जोडलेले भाग) न घेता लेव्हल ३० पर्यंतच, म्हणजे एकाच पात्राला सगळं येणार नाही. फॉलआउट ४ मध्ये कौशल्यं गेली, ७० पर्कचा, म्हणजे खास क्षमतांचा, एक तक्ता आला आणि लेव्हलला मर्यादाच नाही. पुरेसं खेळलात की एकच पात्र कुलूपतोड्या, शास्त्रज्ञ आणि पहिलवान सगळंच होतं. सोय आहे, पण दुसऱ्यांदा खेळायचं कारण कमी होतं.

जगण्याची धडपड हवी असेल तर फॉलआउट ४ चा सर्व्हायव्हल मोड जबरदस्त आहे: झोपल्याशिवाय सेव्ह होत नाही, फास्ट ट्रॅव्हल (नकाशावरून झटक्यात दुसरीकडे जाणं) नाही, आजार होतात. न्यू वेगासच्या हार्डकोर मोडमध्ये भूक, तहान आणि झोप सांभाळावी लागते, पण ते तसं सौम्य आहे.

न्यू वेगासचं आणखी एक: मुख्य कथा संपली की गेम संपतो. हूव्हर धरणाच्या लढाईनंतर तुमच्या निर्णयांनी कोणाचं काय झालं ते सांगितलं जातं आणि पडदा पडतो. त्याआधी गेम इशारा देतो, तेव्हा वेगळा सेव्ह करून ठेवा. फॉलआउट ४ कथेनंतरही चालू राहतो.

तांत्रिक बाजू आणि विस्तार

प्लेस्टेशन ४ किंवा ५ वर खेळणार असाल तर निवड जवळजवळ झालेलीच आहे, कारण न्यू वेगासची त्या यंत्रांसाठी स्वतंत्र आवृत्ती नाही. नव्या एक्सबॉक्सवर जुनाच गेम चालतो. पीसीवर तो जास्त मेमरी वापरू शकावा म्हणून ४ जीबीचा पॅच आणि स्थिरतेसाठीचे दोन-चार मॉड (खेळाडूंनी बनवलेले बदल) टाकल्याशिवाय सुरूच करू नका. तासाभराचं काम आहे, पण ते टाळलं की गेम मध्येच बंद पडतो आणि नव्या माणसाचा राग विनाकारण कथेवर निघतो. फॉलआउट ४ लगेच चालतो. मात्र भरपूर मॉड टाकणार असाल तर २०२४ च्या एप्रिलमधला मोठा अपडेट लक्षात ठेवा: त्या वेळी कितीतरी मॉड एका दिवसात बंद पडले होते.

दोन्ही गेम सगळ्या विस्तारांसकट घ्या. फॉलआउट ४ चा ‘फार हार्बर’ तर घ्याच. धुक्याने वेढलेलं बेट, तीन गट, आणि खरोखर विचार करायला लावणारे निर्णय. मूळ गेममध्ये जे हवं होतं ते इथे आहे. ‘नुका-वर्ल्ड’ मात्र सज्जन पात्र खेळणाऱ्याला फारसं काही देत नाही. न्यू वेगासच्या चार विस्तारांत ‘डेड मनी’वरून सर्वाधिक भांडणं होतात. तुमची सगळी शस्त्रं काढून घेतली जातात आणि संपवल्याशिवाय परत येता येत नाही. लेव्हल २० च्या आत जाऊ नका.

मग कोणी काय घ्यावं? संवाद वाचायला आवडत असतील, वागण्याचे परिणाम बघायचे असतील, तर न्यू वेगास. क्रम मी असा सांगतो कारण फॉलआउट ४ ची बंदूक हाताला लागल्यावर मागे जाणं अवघड जातं. उलट दिशेने काहीच त्रास होत नाही. दिवसभराच्या कामानंतर तासभर भटकायचं, काहीतरी बांधायचं, गोळ्या चालवायच्या, एवढंच हवं असेल तर बिनदिक्कत फॉलआउट ४ घ्या आणि जुन्या चाहत्यांचं ऐकून मन खट्टू करून घेऊ नका. मित्रांबरोबर ऑनलाइन खेळायचं असेल तर हे दोन्ही कामाचे नाहीत. त्यासाठी ‘फॉलआउट ७६’ आहे, आणि २०२० मध्ये त्यात माणसांची पात्रं आल्यापासून तो पुष्कळ सुधारलाय.

न्यू वेगास सुरू केलात तर गुडस्प्रिंग्सहून उत्तरेचा जवळचा रस्ता धरू नका. तिथे डेथक्लॉ आणि कॅझाडोर नावाचे विषारी किडे बसलेत. दक्षिणेकडून प्रिम, निप्टन, नोव्हॅक असा वळसा घ्या. निप्टनला पोहोचेपर्यंत गेमने पकडलं नाही, तर फॉलआउट ४ लावा.