बाळ गेल्यावर मिल्क बँकेत दूध दिलं, त्याचा अनुभव (५ पैकी ४ स्टार)

माझी मुलगी २९ व्या आठवड्यात झाली, ११०० ग्रॅमची, सहा दिवस काचेच्या पेटीत होती आणि सहाव्या रात्री गेली. डिस्चार्जला त्या प्रायव्हेट हॉस्पिटलने बिल, फाइल सगळं हातात दिलं पण दुधाचं काय करायचं ते एका शब्दाने कोणी सांगितलं नाही. घरी आले तर छाती दगडासारखी, शेजारचं बाळ रडलं की पान्हा फुटायचा, ब्लाउज भिजून जायचा. सासूबाई म्हणाल्या मोगऱ्याची फुलं बांध, आटेल. पण मला आटवायचंच नव्हतं हो, तिच्यासाठी आलेलं तेवढंच तर राहिलं होतं माझ्याकडे.

माझी मावसबहीण नर्स आहे, तिने एका सरकारी हॉस्पिटलच्या मिल्क बँकेचं सांगितलं, म्हणजे आयांनी दिलेलं दूध साठवून गरजेच्या बाळांना देतात ती जागा. मला वाटलेलं बाळ नसलेल्या बाईचं दूध घेत नसतील, पण घेतात. (आशियातली पहिली मिल्क बँक आपल्या मुंबईत, सायन हॉस्पिटलला, १९८९ मधे सुरू झाली, आणि मला नऊ महिन्यांची तयारी करताना हे कोणी सांगितलं नव्हतं.) आधी एचआयव्ही, हिपॅटायटिस बी वगैरे रक्त तपासतात, पैसे काही घेतले नाहीत.

फॉर्म भरताना सिस्टर थांबल्या, म्हणाल्या, "ताई, बाळाचं नाव ठेवलं होतंत का?" बारसं कुठलं व्हायला, फाइलवर सगळीकडे 'बेबी ऑफ' आणि पुढे माझंच नाव. म्हटलं पोटात असताना चिमी म्हणायचो. त्यांनी तेच लिहिलं. घरात सगळे नुसतं 'जे झालं ते' म्हणतात, नाव विचारणारी ही पहिलीच बाई.

पहिल्या दिवशी दोन्हीकडून मिळून ४० मिली निघालं, एवढंसंच म्हणून मला लाज वाटली. सिस्टर म्हणाल्या, अहो आतल्या पिल्लांना नळीने एका वेळी २ मिली जातं, हे वीस वेळचं झालं. माझ्या चिमीलाही २ मिलीच द्यायचे, सिरिंज वर धरायचे आणि दूध हळूहळू खाली उतरायचं, मी ते संपेपर्यंत बघत बसायचे. दूध ६२.५ डिग्रीला अर्धा तास तापवून, तपासून, उणे २० ला ठेवतात.

एक स्टार कापला कारण तिथे जायला बाळंतिणींच्या वॉर्डातून जावं लागतं. दोन्ही बाजूला पाळणे, पेढे वाटणं चाललेलं. दोनदा जिन्यातूनच परत फिरले. मागे दार आहे पण त्याला कुलूप, ते उघडा असं वहीत लिहून आलेय.

तीन आठवडे गेले. एकदम थांबवलं तर गाठी होतात म्हणून पंपिंग हळूहळू कसं कमी करायचं ते त्यांनीच शिकवलं. शेवटची बाटली १५ मिलीची, तीही तारीख घालून ठेवून घेतली. कोणाला द्यायचं नसेल तर दूध थांबवायच्या गोळ्या असतात, त्यातही काही चूक नाही, फक्त डिस्चार्जच्या आधी हॉस्पिटलने त्या आईला विचारावं तरी. आणि जाणार असाल तर पहिल्या दिवशी सोबत कोणालातरी न्या, तो वॉर्ड एकटीला ओलांडवत नाही.