एकटी पोरगी की चौघांची टोळी? कोकणातल्या खूनकथेसाठी शोध घेणारं पात्र निवडताना

खाडीकाठच्या गावात प्रेत सापडलंय. पोलिसांनी बुडून मेला म्हणून अकस्मात मृत्यूची नोंद केलीय आणि खरं काय ते शाळकरी पोरं शोधणार. शोध कोणी घ्यायचा: बारावीतल्या एकट्या मुलीनं, की सातवी-आठवीतल्या चौघांनी? बरेच लेखक हे वाचकाच्या वयावरून ठरवतात. त्याआधी वाडीत बातमी कशी फिरते ते बघावं.

शहरातल्या डिटेक्टिव्हला माहिती मिळवावी लागते. वाडीत ती न मागता मिळते, पण तुम्ही काय विचारलंत हेही तासाभरात पलीकडच्या वाडीला कळतं. चौघं म्हणजे चार घरं आणि चार आया. त्यामुळे टोळीनं गुपित शेवटपर्यंत राखलं असं दाखवलंत, तर कोकणातला वाचक तिथेच पुस्तक मिटेल. त्यापेक्षा ही गळतीच कथानकात वापरा. पोरांनी दुपारी विचारलेला प्रश्न संध्याकाळी खुन्याच्या कानावर जातो आणि रात्री पुरावा हलतो.

एकटी मुलगी काही न विचारता ऐकू शकते, फक्त तिला योग्य जागी बसवायला हवं. चुलत्याचं झेरॉक्सचं दुकान उत्तम. इथल्या खुनाचं कारण बहुधा जमिनीत सापडतं: सामायिक सातबारा, त्यावर पंचवीस-तीस नावं, निम्मी मुंबईत, आणि विक्री एका सहीसाठी अडलेली. सातबारा आता ऑनलाइन कोणालाही दिसतो, म्हणून तो स्वतः रहस्य होऊ शकत नाही. कोणत्या दिवशी कोण कुठल्या कागदाच्या किती प्रती काढून गेलं, हे मात्र फक्त मशीनशी उभ्या असलेल्या पोरीला माहीत असतं.

टोळीत प्रत्येकाकडे वेगळ्या दाराची किल्ली हवी. एक मच्छीमाराचा मुलगा. एकीची आई आशा सेविका. एकाच्या घरी वस्तीच्या एसटीचे ड्रायव्हर-कंडक्टर रात्री जेवायला येतात, म्हणजे शेवटच्या गाडीनं कोण उतरलं ते त्याच्याकडे आयतं येतं. चौथा सुट्टीला आलेला मुंबईकर, ज्याला सगळं समजावून सांगावं लागतं आणि त्यातून वाचकालाही समजतं. दोघांकडे एकच किल्ली असेल तर एकाला काढा. तिघं पुरतात.

आता एकच धागा दोघांना देऊन बघू. संशयित सांगतो, ‘पौर्णिमेच्या पहाटे पाचला धक्क्यावरून होडी काढली.’ किनाऱ्यावरचा जुना हिशेब असा, की तिथीची पाऊणपट केली की भरतीची अंदाजे वेळ येते: अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. तिथून साधारण सहा तासांनी सुकती. म्हणजे पहाटे पाचला पाणी जवळजवळ तळाला गेलेलं. त्यातून पौर्णिमेचं उधाण, म्हणजे ओहोटीही खोल. उथळ खाडीत त्या वेळी होडी चिखलात रुतलेली असणार. माणूस खोटं बोलतोय.

टोळीत हा हिशेब भांडणातून बाहेर येतो. मच्छीमाराचा पोर म्हणतो ‘शक्यच नाय’, मुंबईकर ‘का?’ विचारतो, तिसरी बोटं मोजते. दीड पानात काम होतं. एकटीला मात्र तो एकतर आधीपासून यायला हवा, नाहीतर कोणाला तरी विचारावा लागेल, आणि विचारलं की फुटलं. म्हणून तिच्यासाठी दुकानात तिथीचं कॅलेंडर पहिल्याच प्रकरणात टांगून ठेवा. तारीख निवडताना मात्र पंचांग उघडा. अष्टमीच्या भांगाला, म्हणजे पाण्याचा चढउतार सगळ्यात कमी असतो तेव्हा, उधाणाची भरती लिहिलीत, तर पत्रं येतील. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते, हेही विसरू नका. त्या दिवसांत ‘ट्रॉलर रात्री बाहेर गेला’ हे वाक्यच एक सुगावा ठरतं.

फिरण्यात दोन्ही बाजू सारख्याच अडतात. १८च्या आत गिअरच्या गाडीचं लायसन्स नाही, त्यामुळे सायकल, एसटी आणि खाडी ओलांडणारी होडी, म्हणजे तर. दाभोळ-धोपावेसारखी फेरीबोट रात्री बंद असते, मग खाडीपलीकडचं गाव रस्त्यानं कुठल्या कुठे जातं. कॉल रेकॉर्ड किंवा शवविच्छेदनाचा अहवाल पोरांच्या हाती पडत नाही. ‘काका हवालदार आहेत’ ही पळवाट एकदाच चालते. विषप्रयोग तर टाळाच. व्हिसेरा, म्हणजे प्रेताच्या आतल्या अवयवांचे नमुने, लॅबला गेला की अहवालाची वाट बघण्यातच तुमची सुट्टी संपते.

बोलीत घसरणारे पुष्कळ. गुहागरच्या आजीच्या तोंडी मालवणी घालू नये. ती सिंधुदुर्गाकडची.

पहिलंच पुस्तक असेल तर आमचं मत टोळीकडे: २५-३० हजार शब्द, चार संशयित, संवादांवर कथा सरकते. एकटीला ४० हजारांच्या आसपास लागतात, कारण तिचा संशय आतल्या आत शिजवावा लागतो. पण खुनी घरातलाच असेल तर एकटीच घ्या. तिला शेवटी रात्री धक्क्यावर एकटं मात्र पाठवू नका. ‘फोन का नाही केला?’ हा प्रश्न येतोच, आणि रेंज नसल्याची सबब आता झिजली आहे.

कायद्यानं त्याहून चांगली जागा दिली आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७९ प्रमाणे १५ वर्षांखालच्या मुलाला आणि कोणत्याही वयाच्या स्त्रीला साक्षीसाठी राहत्या जागेबाहेर हजर राहायला पोलीस भाग पाडू शकत नाहीत. म्हणजे साहेबांनाच तिच्या घरी यावं लागतं. ओटीवर खुर्ची टाकली जाते, आई चहा आणते, गणपतीला आलेले चाकरमानी दारात दाटीनं उभे राहतात. ती जबाब देऊ लागते, आणि झोपाळ्यावर बसलेले काका पायानं झोका थांबवतात.