फोटो-वॉलचा संच मागवताय? समोरून नाही, मागून आणि कडेने तपासा

जाहिरात अशी होती: टीनएजर मुलीच्या खोलीसाठी रंगीबेरंगी फोटो-वॉलचा संच. १२ बाय १८ इंचांचे तीन कॅनव्हास, ४ बाय ६ इंचांचे ३० फोटो आणि भिंतीला लावायच्या पट्ट्या. 'कॉटन कॅनव्हास, पिगमेंट शाई, रंग वर्षानुवर्षं टिकणार.' पूर्ण पैसे आगाऊ घेतले. सगळं भिंतीवर लागलं तेव्हा दोन-तीन मीटरवरून छानच दिसत होतं. एक कॅनव्हास उतरवून उलटा केला, तेव्हा फसवणूक कळली.

मागे कापड नव्हतंच. बॅनरला वापरतात ते फ्लेक्स होतं आणि पुढच्या बाजूला विणीसारखा खडबडीतपणा छापून आणला होता. हे ओळखणं सोपं आहे. सुती कॅनव्हास मागून किंचित पिवळसर असतो, विणलेले धागे दिसतात आणि कापलेल्या कडेतून नखाने धागा ओढता येतो. पॉलिएस्टरचा कॅनव्हास पांढराशुभ्र असतो, पण धागा त्यालाही सुटतो. फ्लेक्सच्या कडेला मात्र प्लास्टिकच्या दोन थरांमध्ये दाबलेली विरळ जाळी दिसते. पार्सल उघडताच उग्र वास आला तर शाई बहुधा सॉल्व्हंटची, म्हणजे उडून जाणाऱ्या रासायनिक द्रावकाची आहे. असा माल झोपायच्या खोलीत लगेच लावू नका, वास जाईपर्यंत हवेशीर जागी ठेवा.

फ्रेमची पट्टी दीड इंच जाडीची सांगितली होती, आली अर्ध्या इंचाची एमडीएफची, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळीची. कोपरे नुसत्या स्टेपलने जोडलेले. अशी फ्रेम दमट हवेत फुगते आणि पीळ खाते. सपाट फरशीवर ठेवून समोरासमोरचे दोन कोपरे दाबून बघा. डुगडुगली तर फ्रेम वाकडी आहे आणि भिंतीवर ती कधीच नीट बसणार नाही.

खरा घोळ कडेला होता. कॅनव्हास फ्रेमवर गुंडाळताना चारही बाजूंचं चित्र वळवावं लागतं. दीड इंचाच्या फ्रेमवर १२ बाय १८ चं चित्र समोर पूर्ण दिसायला हवं असेल, तर छपाई १५ बाय २१ ची लागते, शिवाय मागे स्टेपल मारायला जास्तीचं कापड. इथे वाढीव छपाई केलीच नव्हती. मूळ चित्रच कडेवर दुमडलं होतं आणि टोकाला उभ्या असलेल्या मैत्रिणीचा अर्धा चेहरा फ्रेमच्या बाजूला गेला होता. ऑर्डर देतानाच विचारा: कडेला काय येणार? आरशासारखी उलटी प्रतिमा, सपाट रंग की फोटोच? आणि दुमड कुठे पडेल ते रेषेने दाखवलेला नमुना मागा.

लहान फोटोंची फसवणूक तर मोजपट्टी लावल्याशिवाय कळत नाही. ४ बाय ६ ऐवजी साडेतीन बाय पाचचे आले होते, म्हणजे प्रत्येकामागे २७ टक्के कागद कमी. एका रांगेत पाच उभे फोटो, अशा सहा रांगा, मध्ये अर्धा इंच फट असा हिशेब धरला तर मांडणी २२ बाय साडेअडतीस इंच व्हायला हवी. झाली साडेएकोणीस बाय साडेबत्तीस. काही विक्रेते पांढरी बॉर्डर किंवा फ्रेमची बाहेरची कड धरून माप सांगतात. म्हणून 'छापील भागाचं माप' हे शब्द वापरूनच विचारा.

तक्रार केल्यावर उत्तर आलं, 'तुमचेच फोटो खराब होते.' यात अर्धं तथ्य असतं, म्हणून ते नीट समजून घ्या. १२ बाय १८ इंचांसाठी इंचाला ३०० पिक्सेल धरले तर ३६०० बाय ५४०० लागतात. दुरून बघायच्या चित्राला १५० नेही भागतं, म्हणजे १८०० बाय २७००. व्हॉट्सॲपवर साध्या पद्धतीने पाठवलेल्या फोटोची लांब बाजू साधारण १६०० पिक्सेलवर येते. १८ इंचांवर पसरला तर इंचाला ८९ च उरतात. तोच फोटो ६ इंचांवर मात्र उत्तम येतो. फाइल उघडताक्षणी विक्रेत्याला हे दिसतं. पैसे घेताना गप्प राहून तक्रारीच्या वेळी तेच कारण पुढे करणं याला आम्ही फसवणूकच म्हणू. तुमच्याकडून फोटो डॉक्युमेंट म्हणूनच पाठवा, म्हणजे पिक्सेल कमी होत नाहीत.

'स्क्रीनवर दिसतो अगदी तसाच रंग येईल,' हे आश्वासनही खोटं. या वयातल्या मुलांच्या फोटोंत एलईडीच्या दिव्यांचा निऑन गुलाबी आणि झगझगीत निळा भरपूर असतो. ते रंग साध्या चार शायांत बसत नाहीत. निळा जांभळट होतो, निऑन मंद पडतो. प्रामाणिक छपाईवाला हे आधी सांगतो आणि मोठ्या चित्राचा एक तुकडा मूळ आकारातच ४ बाय ६ च्या कागदावर छापून दाखवतो. त्या तुकड्याचे पैसे वेगळे द्यावे लागले तरी द्या.

पिगमेंट शाईचा दावा घरी पूर्ण तपासता येत नाही. वाया गेलेल्या फोटोवर पाण्याचा थेंब टाकला आणि रंग पसरला, तर ती साधी डाय शाई, म्हणजे पाण्यात विरघळणाऱ्या रंगाची. पसरला नाही म्हणून पिगमेंटच आहे असं मात्र नाही. दुसरी प्रत अर्धी काळ्या कागदाने झाकून काही आठवडे उन्हाच्या खिडकीत ठेवली की टिकाऊपणाचा अंदाज येतो. दहापट भिंगाखाली ठिपक्यांची नियमित जाळी दिसली, तर तो लेझर किंवा ऑफसेट छापाचा कागद आहे, फोटो-प्रिंट नव्हे.

'भिंत खराब न करणाऱ्या' पट्ट्या म्हणजे साधा दुहेरी फोमटेप निघाला. काढताना रंगाचे पापुद्रे आले. खऱ्या पट्टीला ओढायचं शेपूट असतं आणि ती भिंतीला समांतर, हळूहळू खाली ताणून निघते. फोमटेप आधीच चिकटवला असेल तर हेअर ड्रायरने कोमट करून सोडवा.

'कस्टम माल परत नाही' या ओळीने दबू नका. आवड बदलणं वेगळं. सांगितलं एक आणि पाठवलं दुसरं हे वेगळं. पैसे भरण्याआधीच जाहिरातीचे स्क्रीनशॉट काढा, नंतर मजकूर बदलतो. पार्सल लेबलपासून सलग व्हिडिओ घेत उघडा, मोजपट्टी लावून आणि मागच्या बाजूचे जवळून फोटो घ्या. हे सगळं भिंतीला काहीही चिकटवण्याआधी. कार्डाने किंवा पेमेंट सेवेने पैसे दिले असतील तर वाद नोंदवायला मुदत असते. विक्रेता 'बघतो, करतो' म्हणत ती संपवतो.

सगळ्यात संतापजनक गोष्ट वेगळीच: मुलीचे फोटो त्याच विक्रेत्याच्या पानावर 'आमचं काम' म्हणून झळकले. अल्पवयीन मुलांचे फोटो पाठवण्याआधी त्यातली ठिकाणाची माहिती काढून टाका, शाळेचं नाव किंवा घराचा क्रमांक दिसत असेल तर फोटो कापा, आणि जाहिरातीत वापरणार नाही, काम झाल्यावर फाइली पुसून टाकू, असं लेखी घ्या. द्यायला नकार दिला तर ऑर्डर तिथेच थांबवा.