निसान एनव्ही २५०० : दहा महिने ढोल वाहिल्यानंतर

गेल्या वर्षी गणपतीच्या तोंडावर न्यू जर्सीतल्या आमच्या ढोल-ताशा पथकासाठी २०१८ची निसान एनव्ही २५०० ही जुनी मालवाहू व्हॅन घेतली. उंच छपराची, ४ लिटर व्ही-६ इंजिनची. तेवढीच जुनी, तेवढीच चाललेली फोर्ड ट्रान्झिट बरीच महाग पडत होती. इतकी स्वस्त म्हणजे गाडीत खोट असणार, असं घरच्यांचं म्हणणं. दहा महिन्यांनी छातीठोकपणे सांगतो, गाडीत खोट नाही.

बाजू जवळजवळ सरळ उभ्या आहेत, त्यामुळे ढोल भिंतीला लावून एकावर एक रचता येतात. मी आत ताठ उभा राहून दोऱ्या आवळतो. गॅलनला १४-१५ मैल मिळतात. एवढ्या ओझ्याला मला ते मान्य आहे.

मग भाव का पडतो? गाडी २०११मध्ये आली, २०२१मध्ये बंद झाली. पण नुसतं बंद होणं हे कारण पुरत नाही. फोर्डची ई-सिरीज व्हॅनसुद्धा २०१४ला थांबली, तरी तिची चासी, म्हणजे खालचा सांगाडा, बनतच राहिली. बऱ्याच रुग्णवाहिका आणि छोट्या बस तिच्यावर बांधतात. म्हणून तिचे भाग मिळतात आणि गॅरेजवाल्यांना ती तोंडपाठ असते. एनव्हीला असा वारस नाही. तिचं इंजिन निसानच्याच फ्रंटियर, पाथफाइंडर या गाड्यांमध्येही होतं, तेवढी बाजू भक्कम. पण दारं, काचा, दिवे फक्त तिचेच. मुळात खपली कमी, म्हणून जंकयार्डातही कमी.

शिवाय लांबी एकच. नाक पुढे आलेलं, म्हणजे तेवढी जागा सामानातून गेली. डिझेल नाही, ऑल-व्हील ड्राइव्ह नाही. ट्रान्झिट तीन उंचींत मिळते. आणि जुनी व्हॅन घेतं कोण? प्लंबर, इलेक्ट्रिशियन. त्यांच्या आधीच्या शेव्रोले एक्सप्रेस व्हॅनमधले रॅक आणि जाळ्या हिच्यात बसत नाहीत, तो खर्च ते आधीच किमतीतून कापतात. मला हेच सगळ्यात खरं कारण वाटतं.

दोन-तीन वर्षांत विकायची असेल तर घेऊ नका. चालेल तोवर चालवायची असेल, तर पडलेला भाव आधीच्या मालकाच्या खिशातून गेलेला असतो, तुमच्या नाही. मी शेवटपर्यंत ठेवणार आहे. यंदा आठ ढोल वाढलेत, त्यांच्यासाठी आत फळ्यांचा दुसरा मजला ठोकायला घेतलाय.